अडुळशाजवळची खुर्ची

अण्णा अडुळशाची पाने पुसत होते. एका हातात ओला पंचा, दुसऱ्या हाताचा तळवा पानाखाली. लहान मुलाचे तोंड पुसावे तसे एकेक पान पुसत ते झुडुपाभोवती सावकाश फिरत होते. हिवाळ्यात आमच्या कराडच्या आसपास उसाचे पाचट जाळतात आणि त्याची काळी काजळी वाऱ्यावर तरंगत येऊन अंगणे, दोऱ्या, वाळत घातलेले कपडे, सगळ्यांवर उतरते. त्या सकाळी आमच्या बागेत मात्र अण्णांना काजळीचा कण उरू द्यायचा नव्हता. अण्णांनी पहाटेपासून माती खुरपून भुसभुशीत केली होती, तिच्यावर झारीने पाणी शिंपले होते, आणि आता पानांची पाळी होती.

माझ्याकडे न पाहताच ते म्हणाले, "खुर्ची आण. घडीची नको. लाकडी, हातांची."

मी आतून खुर्ची आणली. त्यांनी ती अडुळशाच्या उजव्या अंगाला ठेवली, दोन पावले मागे जाऊन पाहिले, मग जरा तिरकी केली.

"इथं बसायचं. उन्हाकडं तोंड करून. चेहरा उजळ दिसतो." आणि थोडे थांबून, "विचारलं तर काय सांगशील?"

"लहानपणी दमा होता."

"कसा होता?"

"उशी मांडीवर घेऊन रात्र काढायचो."

"आणि?"

"अण्णांनी अडुळशाचा काढा सुरू केला."

"अण्णांनी नको. बागेनं म्हण." त्यांनी एक पान उलटे करून खालची बाजू पुसली. "आणि आता?"

"आता नाही," मी म्हटले.

"जरा मोठ्यानं."

मी जरा मोठ्याने म्हटले. त्यांनी मान डोलावली, ती मला उद्देशून की अडुळशाला, हे मला कळले नाही.

माझे वडील, अण्णा, पाटबंधारे खात्याच्या कचेरीत कारकून होते आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. तिथे त्यांना कोणी अण्णा म्हणत नसे. 'मेनकुदळे, फाइल' एवढ्याच नावाने त्यांना हाक मारली जाई, हे मी लहान असताना एकदा त्यांचा डबा घेऊन गेलो तेव्हा कानांनी ऐकले होते. घराच्या मागच्या बाजूला मात्र ते दुसरेच कोणी होते. तिथे गुळवेल कडुलिंबावर चढलेली होती, ओव्याची जाड पाने कुंडीबाहेर सांडत होती, ब्राह्मीचा ओलसर गालिचा मोरीच्या पाण्यावर वाढत होता. शतावरी, वेखंड, कोरफड, गवती चहा, मारवा, आणि या सर्वांच्या मधोमध माझ्या खांद्याएवढा अडुळसा. संध्याकाळ झाली की कुंपणापाशी माणसे येऊन उभी राहत. कोणाला खोकला, कोणाचे भाजलेले, कोणाचे पोट. अण्णा नीट ऐकून घेत आणि म्हणत, "उद्या सकाळी या."

उद्या, कारण झाडाला आधी सांगावे लागते. ज्या झाडाचे पान औषधासाठी घ्यायचे, त्याला आदल्या संध्याकाळी जाऊन आमंत्रण द्यायचे, अशी अण्णांच्या आजोबांपासून चालत आलेली रीत होती. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून, बुंध्याशी चार अक्षता ठेवून ते वाकत आणि हलक्या आवाजात म्हणत, "उद्या तुला न्यायला येतो. अमक्याचं लेकरू आजारी आहे. येशील ना?" सकाळी, कोणाशीही एक शब्द बोलण्याआधी, ते पान नखाने खुडत. न सांगता तोडलेल्या पानात गुण नसतो. इतकेच नव्हे, त्या झाडाचाही गुण जातो, असे ते सांगत. त्या आमंत्रणाच्या वेळचा त्यांचा आवाज मी पुष्कळदा खिडकीत उभा राहून ऐकला आहे. तसा आवाज घरात कधी येत नसे.

आणि या बागेचा पुरावा मी होतो. माझ्या लहानपणीच्या धापेची गोष्ट कुंपणापाशी येणारा प्रत्येक जण ऐकून होता. मी दिसलो की बायका पोरांना म्हणत, "बघ, हा दादा कसा खडखडीत झाला." मी मुळात लाजरा; माणसे माझ्या छातीकडे पाहू लागली की मला शर्टाचे बटण सुटले आहे असे वाटे. मी हसत असे आणि आत जात असे.

आत आईपाशी पंप असे.

त्या सकाळच्या दोन वर्षे आधी, बारावीच्या परीक्षेपूर्वी, मी मिरजेला मामाकडे गेलो असताना मला असा दमा उसळला होता की मामाने मला उचलून दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी निळा पंप दिला. पहिल्यांदा तो ओढला तेव्हा छातीतली दारे एकामागून एक उघडत गेली आणि मी रडलो. मामाने आईला सांगितले. आईने मामाला शपथ घातली. तेव्हापासून पंप पिठाच्या डब्यामागे राहत होता. अण्णा बागेत गेले की मी तो ओढी. अण्णा आत आले की मी काढा पिई, त्यांच्यासमोर, शेवटच्या थेंबापर्यंत.

आई म्हणे, "त्यांच्याकडं दुसरं आहे काय? कळलं तर मोडून पडतील."

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी गावातल्या बागप्रेमी मंडळाच्या परसबाग स्पर्धेचे परीक्षक आमच्याकडे येणार होते. सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा आई पंप रुमालात गुंडाळून कनवटीला खोचत होती.

"आज हा माझ्यापाशी," ती म्हणाली. "छाती भरून आली तर नुसतं माझ्याकडं बघ. पाणी द्यायच्या निमित्तानं मी तुला आत बोलावीन. आत ये, ओढ, परत जाऊन बस. कुणाला कळायचं नाही."

"आई, आजच सांगून टाकू या का?"

"आज?" तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी भर लग्नात काही अशुभ बोललो होतो. "आज नको रे बाबा. एवढं बक्षीस होऊ दे. त्या आनंदात असतील तेव्हा मीच सांगते. मग खुशाल खिशात घेऊन फिर. पुण्याला जा, मिरजेला जा. कोण अडवतंय?"

मला पुण्याला पुढे शिकायला जायचे होते आणि अण्णांचे म्हणणे असे की बागेपासून लांब मी टिकणार नाही. खिशात पंप उघडपणे बाळगता येणे म्हणजे माझ्या लेखी ते घर सोडता येणे होते. आईने शब्द दिला होता. एक दिवस काढायचा होता, इतकेच.

परीक्षक यायच्या आधी शेजारीपाजारी जमले. शेजारचे पोपटराव कुंपणावर कोपर टेकून उभे राहिले आणि नेहमीसारखे सुरू झाले.

"अण्णा, परीक्षकांना आधी गुळवेलीचा काढा पाजा. तोंड इतकं कडू पडंल की दुसऱ्याच्या बागेत जायची इच्छाच राहायची न्हाई."

"पोपटराव, तुमच्या बागेत काय आहे?"

"आमच्यात? बायकोनं लावलेली मिरची अन् मी लावलेली आग." लोक हसले. मग त्यांची नजर माझ्यावर आली. "आन् ह्यो बरा राजावानी बसलाय. ह्याला बी पाणी घातलं का सकाळी?"

अण्णाही हसले. त्या दिवशी ते फार मोकळे हसत होते. एवढ्या माणसांत त्यांना इतके मोकळे मी त्याआधी पाहिले नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्या खुर्चीत बसून मला त्यांच्याविषयी माया वाटली.

मग त्यांनी घमेले आणले. त्यात गोवऱ्यांचे निखारे होते. त्यावर कडुलिंबाचा सुका पाला, वेखंड, वावडिंग आणि ऊद. पाहुण्यांच्या स्वागताला औषधी धुरी. पांढरा धूर आधी जमिनीलगत पसरला आणि मग उठला.

आई दारातून म्हणाली, "अहो, धूर कशाला? विरूला..."

"औषधाचा धूर आहे," अण्णा म्हणाले. "औषधाचा त्रास होत नसतो."

घमेले त्यांनी माझ्या खुर्चीमागे, वाऱ्याच्या बाजूला ठेवले. त्यात दुष्टपणा काहीच नव्हता. वास सगळीकडे जावा म्हणून ठेवले.

परीक्षक तिघे होते. मंडळाचे दोन पदाधिकारी, आणि वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका कुमुदिनी शेवाळे. उंच, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात चष्म्याची दोरी. अण्णांनी त्यांना वाफ्यावाफ्यातून फिरवले. शतावरीपाशी थांबले, ब्राह्मीपाशी बसले, मारव्याची काडी चुरगाळून बाईंच्या हातावर ठेवली. आमंत्रणाची रीत सांगितली तेव्हा बाई थांबून म्हणाल्या, "हे फार सुंदर आहे हो." अण्णांचे कान लाल झाले.

मी ते सारे ऐकत होतो आणि माझ्या छातीत कोणीतरी हळूहळू दोरी आवळीत होते. आधी घशाशी खाज, मग बरगड्यांखाली ते बारीक शीळ घालणे, जे फक्त मलाच ऐकू येते. मी आईकडे पाहिले. ती पाहुण्यांना पाणी देत होती. एका पदाधिकाऱ्याने पुन्हा पेला पुढे केला होता. तिने वर पाहिले तेव्हा मी अजून ताठ बसलो होतो. पुढच्या श्वासाला मी वाकलो.

"विरू, जरा आत ये बाळा, पाणी..." ती म्हणाली.

"आत कशाला?" अण्णा म्हणाले. ते नेमके तेव्हाच परीक्षकांना घेऊन अडुळशापाशी आले होते. "बसू दे त्याला. बाई, हा माझा मुलगा. आणि हा अडुळसा. या दोघांची गोष्ट एकच आहे."

त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. उशी मांडीवर घेतलेली रात्र, डॉक्टरांनी टेकलेले हात, आजोबांची आठवण, पहिला काढा. ती गोष्ट मला पाठ होती. माझे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर गच्च बसले होते आणि खांदे कानांपर्यंत चढत होते. गोष्ट 'आणि आता' या शब्दांपर्यंत आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. माझी पाळी होती. मी तोंड उघडले. त्यातून शब्द आला नाही. शीळ आली, आता सर्वांना ऐकू येईल अशी.

"थोडा खोकला आहे," अण्णा म्हणाले. "हवेमुळं. काढा तयारच आहे." आणि तांब्यातून पेल्यात ओतून त्यांनी तो माझ्या ओठांना लावला. ज्याला हवा आत घेता येत नाही त्याला पाणी गिळता येत नाही. काढा हनुवटीवरून शर्टावर उतरला.

तेव्हा आई पुढे आली. चालता चालता तिने कनवटीतून रुमाल काढला, सोडला, आणि सगळ्यांसमोर तो निळा पंप माझ्या दिशेने धरला.

मी अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्यावर संताप येईल असे मला वाटले होते, किंवा आई म्हणे तसे काही मोडताना दिसेल. तसे काही दिसले नाही. माझ्या हाताआधी त्यांचा हात पोचला. तिच्या बोटांतून पंप त्यांनी इतक्या सहज काढून घेतला की दुरून पाहणाऱ्याला वाटावे, तिने तो त्यांनाच दिला. आणि त्यांनी मूठ मिटली.

शेवाळेबाई म्हणाल्या, "अहो, तो द्या त्याला."

"बाई, याची सवय लागते," अण्णा शांतपणे म्हणाले. "एकदा घेतला की जन्माचा झाला. अडुळसा दोन घोट पोटात जाऊ दे, बसतो लगेच. मी काय आज बघतोय?"

"त्याचे ओठ बघा."

"मी आहे ना," अण्णा म्हणाले.

पोपटराव कुंपणावरून म्हणाले, "अण्णा, पोरगं निळं पडाय लागलंय." एवढेच म्हणाले. कोणी आत आले नाही. त्या कुंपणापाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या घरी अण्णांचे पान गेलेले होते. प्रत्येकाने कधी ना कधी 'उद्या या' ऐकून, उद्या येऊन, बरे वाटल्याचे सांगितले होते. ते वाट पाहत होते. मलाही बरे वाटेल याची.

मी खुर्चीतून घसरून गुडघ्यांवर आलो आणि अण्णांचा हात दोन्ही हातांनी धरला. लाज नावाची जी गोष्ट मला जन्मभर पुरली होती, ती त्या क्षणी माझ्यापाशी नव्हती. मी त्यांची बोटे उचलू लागलो. करंगळी उचलली, पुढचे उचलेपर्यंत ती परत मिटली. अंगठ्याखालून निळा कोपरा दिसत होता. ते माझ्यावर वाकले. लोकांना वाटले असेल, बाप मुलाला धीर देतो आहे.

"सगळे बघताहेत, विरू," ते माझ्या कानात म्हणाले. "नीट श्वास घे."

पाठीमागे कट्‌ असा आवाज झाला. हिरवी फांदी पेरापाशी मोडते तो आवाज. मग दुसरा. अण्णांनी मान वळवली.

आई अडुळशापाशी होती. पदर तिने कमरेला खोचला होता. फुलांनी पांढरी झालेली एक फांदी तिच्या पायाशी पडलेली होती, दुसरी सालीला लोंबत होती. ती कोणाकडे पाहत नव्हती. मग तिने खाली वाकून बुंधा दोन्ही हातांनी धरला आणि सगळे अंग मागे टाकून ओढला. माती भुसभुशीत होती. पहिल्या हिसड्याला झुडूप हलले, दुसऱ्याला एका बाजूची मुळे वर आली, पांढरी, ओली.

"अगं..." अण्णा म्हणाले.

त्यांचा हात माझ्या हातातून सुटला. ते दोन ढांगांत तिथे पोचले, दोन्ही हातांनी त्यांनी बुंधा वरून दाबून धरला, तळवे पसरून, बोटे पसरून. आणि त्या उघडलेल्या हातातून पंप चिखलात पडला.

आईने बुंधा तत्क्षणी सोडला. पंप उचलला, लुगड्याला पुसला, माझ्याजवळ येऊन बसली, माझे डोके छातीशी धरले आणि तो तोंडात दिला.

"ओढ," ती म्हणाली. "धर. सोड. अजून एकदा ओढ."

हवा यायला लागली. आधी धाग्याएवढी. मी तिच्या खांद्यावरून पाहत होतो. अण्णा गुडघ्यांवर बसले होते, पांढऱ्या धोतराला चिखल लागलेला, आणि उघड्या पडलेल्या मुळांवर ओंजळीने माती लोटून ती हलक्या हाताने दाबत होते. त्यांचे ओठ हलत होते. त्यांनी वळून पाहिले नाही. मी जिवंत आहे की नाही, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हते.

 मग अण्णा उठले, हात झाडले, आणि म्हणाले, "विरूची आई, पाहुण्यांना चहा कर. गवती चहा घाल."

मला वाटले, ती करणार नाही. तिने मला खुर्चीला टेकवून बसवले, मोरीवर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, आणि चहा केला. सगळ्यांनी तो उभ्या उभ्या घेतला. एक पदाधिकारी म्हणाले, वास छान आहे. शेवाळेबाईंनी पेला हातात धरला होता, तोंडाला लावला नाही. त्या माझ्याजवळ आल्या आणि पंप किती दिवस घेतोस, असे हळूच विचारले.

"दोन वर्षं," मी म्हटले. माझा आवाज परत आला होता आणि तो सगळ्यांना ऐकू गेला.

बाईंनी पेला खुर्चीच्या हातावर ठेवला आणि बाकीच्यांची वाट न पाहता त्या बाहेर गेल्या. त्यांच्यामागून मंडळी पांगली. कुंपणापाशी एक बाई तेवढी रेंगाळली. तिच्या मुलीला खोकला होता. त्या पडलेल्या फांद्या नेऊ का, असे तिने अण्णांना विचारले.

"त्यांत आता काही नाही," अण्णा म्हणाले. "आमंत्रणावाचून तोडल्या ना."

दिवेलागणीला आई शेजारच्या खोलीत पडून होती. तिच्या हातांना फोड आले होते. अण्णा पूजा आटोपून पाटावर बसले होते. त्यांच्याशी समोरासमोर बोलण्याचे धाडस मला कधी झाले नव्हते. त्या दिवशी झाले, कारण मला एकच गोष्ट समजून घ्यायची होती.

"अण्णा, आईनं पंप काढला तेव्हा तुम्हाला आश्चर्य वाटलं नाही."

"कशाचं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"पिठाच्या डब्यामागं ठेवता तुम्ही," ते म्हणाले. "पहिल्यापासून माहीत आहे. एकदा खाली पडला होता. मीच उचलून जागेवर ठेवला."

 इतका वेळ मी मनात त्यांची बाजू मांडीत होतो: त्यांना ठाऊक नव्हते, ते भाबडे होते, त्यांचा खराच विश्वास होता. आता मांडायला काही उरले नाही.

"मग रोज लोकांना..." मी म्हटले.

"घरात काय चालतं ते घरात," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. खिडकीतून ऐकू येणारा तो आवाज, पहिल्यांदाच माझ्याशी बोलताना. "बागेत कधी आणला नव्हता ना तुम्ही. अडुळशाला कळलेलं नव्हतं. आज तिनं कळवलं."

दुसऱ्या दिवशी मामा आला आणि मला मिरजेला घेऊन गेला. आईने पिशवी भरली, शिदोरी बांधली, स्टँडवर येऊन एस.टी.च्या खिडकीपाशी उभी राहिली. तूही चल, असे मी म्हटले. मामानेही म्हटले.

"मी आले तर त्यांना जेवायला कोण घालणार?" ती म्हणाली, आणि गाडी सुटेपर्यंत मामाला माझ्या पथ्याचे सांगत राहिली.

त्यानंतर मी पुण्याला शिकलो, तिथेच नोकरीला लागलो. पंप माझ्या शर्टाच्या खिशात असतो. कचेरीत, हॉटेलात, रस्त्यात, लागेल तिथे मी तो काढतो. कोणी पाहत नाही.

अडुळसा जगला. उजवी बाजू तेवढी विरळ झाली. स्पर्धेत आमच्या बागेला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले आणि त्याचे प्रमाणपत्र अण्णांनी चौकटीत बसवून सोप्यात लावले आहे. माणसे अजून येतात. पुरावा निघून गेला तेव्हा बागेचे कसे होईल, असे मला आधी वाटे. पण अण्णांना नवी गोष्ट सापडली होती, आणि ती जुनीपेक्षा चांगली होती. मुलगा पूर्ण बरा झाला होता. त्याच्या आईने भरल्या झाडाला न सांगता हात घातला, ओरबाडले, आणि त्या दिवसापासून मुलाचा दमा परत आला. आता तो पंपावर जगतो. हे ते कोणावर राग न धरता, हलक्या आवाजात सांगतात. पोपटरावांनी सगळे डोळ्यांनी पाहिले होते. एकदा गावी गेलो असता मी त्यांना विचारले, तुम्हाला काय आठवते?

"आता काय सांगू विरू," ते म्हणाले. "तुझ्या आईनं झाड उपटलं हे तर खरंच हाय की."

आईला बागेत जाता येत नाही. अण्णांनी मधल्या दाराला कडी बसवली आहे. आलेल्या बायकांना ती पाणी देते तेव्हा त्या पेला घेण्याआधी तिच्या हातांकडे पाहतात, हे मी स्वतः पाहिले आहे. मी तिला दर वेळी पुण्याला बोलावतो. ती दर वेळी पुढच्या महिन्याचे सांगते.

परवा तिचा फोन आला. जेवलास का, थंडी आहे का, असे नेहमीचे विचारून झाले. मग ती थांबली.

"विरू, एक विचारू? रागावणार नाहीस?"

"विचार की."

"तुझा तो पंप अजून सुटला नाही ना?"

"नाही, आई. तो सुटायचा नसतो."

"मी तेव्हा झाडाला हात लावला नसता, तर सुटला असता का रे?"

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. मग तिला सगळे समजावून सांगितले, डॉक्टर मला सांगतात तसे, एकेक करून: श्वासनलिका म्हणजे काय, त्या का आवळतात, पंप काय करतो, झाडाचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्या दिवशी तिने हात लावला नसता तर मी आज तिच्याशी बोलत नसतो, हेही सांगितले. तिने मध्ये एकदाही अडवले नाही. 

"डॉक्टर तसंच म्हणणार," ती म्हणाली. "तू काळजी करू नकोस. मी रोज माफी मागते अडुळशाची. लांबूनच मागते. जवळ जाऊ देत नाहीत हे."